निरोगी रांग

आण्णाप्पांनी एकतीस वर्षं निपाणीच्या तंबाखू वखारीत काढली. आधी पोती वाहिली, मग चाळणीवर उभे राहिले, आणि शेवटची बारा वर्षं मुकादम म्हणून इतरांवर ओरडण्यात घालवली. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती, की आपली पोरं या धुळीत येता कामा नयेत. थोरला दीपंकर बँकेत चिकटला आणि त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट आला, तेव्हा त्यांना अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. धाकटी पारमिता एम.एस्सी. होऊन पीएचडीला बेळगावला गेली, तेव्हा उरलेली अर्धीही खिशात आली. मग एका रविवारी ते आणि बायको तानीबाई पोरीचं कॉलेज बघायला गेले. पोरीनं मोठ्या कौतुकानं त्यांना मागच्या आवारात नेलं, बारीक जाळीच्या घराचं दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. आत तंबाखू होता. कुंड्यांमधून, ओळीनं, अठ्ठेचाळीस झाडं.

"ह्याच्यासाठी शिकवलं व्हय गं तुला?" आण्णाप्पा एवढंच म्हणाले आणि तिथल्या पायरीवर बसले.

पारमिता हसली. विषाणूचा अभ्यास करणाऱ्यांचं हे जुनं लाडकं झाड आहे, तंबाखूच्या पानातला विषाणू म्हणजे आमचं पहिलं पुस्तक, असं तिनं सांगितलं. आण्णाप्पांच्या डोक्यात काही शिरलं नाही. तेव्हा तिनं वखारच उभी केली.

"आप्पा, समजा तुमच्या वखारीत एक परका माणूस शिरला. एकटाच. हातात नुसती एक चिठ्ठी. तुमचे कामगार चिठ्ठी वाचून काम करणारे, कुणाची चिठ्ठी ते बघत न्हाईत. त्या चिठ्ठीत पहिलं काम काय लिहिलेलं असंल?"

"माल पळवा म्हणून."

"न्हाय. पहिलं काम, एक नवा मुकादम तयार करा. तो तयार झाला की आधी भोंगा बंद करतो, म्हणजे चोर आलाय हे कुणाला कळू नये. मग त्याच चिठ्ठीच्या हजारो नकला काढायला लावतो. वखार बाहेरनं तशीच दिसते. कामगार तेच, वेळ तीच. पण काम सगळं परक्याचं."

"आणि जुना मुकादम?" आण्णाप्पांनी कासावीस होऊन विचारलं.

"तो खुर्चीवरच बसलेला असतो. त्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय."

हे ऐकून आण्णाप्पांना भयंकर राग आला. तो कोणावर काढायचा हे मात्र कळेना. पारमितानं पुढं सांगितलं, की हा नवा मुकादम म्हणजे विषाणूनं पेशीकडून करून घेतलेलं पहिलं प्रथिन. पानावर चट्टे पडायला आठ-दहा दिवस लागतात, पण हा पहिल्या दिवशीच कामाला लागतो. पान हिरवंगार दिसत असताना तो आत काय काय उलथापालथ करतो, ते शोधायचं. एवढीच तिची पीएचडी.

आण्णाप्पांनी त्या दिवसापासून पोरीचं शास्त्र अंगावर घेतलं. निवृत्त झाल्यावर नवराबायको बेळगावात पारमिताजवळच, खासबागेतल्या दोन खोल्यांत राहायला आली होती. तिथून कॉलेज सायकलनं वीस मिनिटं. दर रविवारी आण्णाप्पा डबा घेऊन हजर. एक डबा पोरीचा आणि एक मष्णूचा.

मष्णू म्हणजे त्या जाळीच्या घराचा राखणदार. खानापूरकडच्या खेड्यातला शेतकरी गडी, पंचेचाळिशीचा, गळ्यात तुळशीची माळ. कंत्राटावर लागलेला, पण झाडांवर असा जीव की पाण्याचा पाइपसुद्धा हळू बोलून सोडायचा. माळकरी असल्यामुळं तंबाखू, विडी, सुपारी काही नाही. आण्णाप्पा त्याला दर वेळी चिमूट पुढं करत आणि तो दर वेळी हात जोडी. आण्णाप्पांची स्वतःची तंबाखू मात्र विकतची नव्हे. साडूच्या शेतातली, घरी सुकवलेली, कापडी पिशवीत घालून कमरेला खोचलेली. चौदाव्या वर्षी जी तोंडात गेली, ती जेवण आणि झोप सोडली तर बाहेर आलीच नव्हती.

आता जे घडलं ते नोव्हेंबरातल्या एका रविवारी.

पारमिताला धारवाडला एका व्याख्यानाला जायचं होतं. निघताना घाईघाईत ती म्हणाली, "आप्पा, मष्णूमामांना डबा तेवढा द्या. आणि आत गेलासा तर लाल दोरीच्या रांगेला अजिबात हात लावू नका. ती चोवीस झाडं आजारी आहेत."

आण्णाप्पा शब्दाचा पक्का माणूस. मुकादमाला जेवढं सांगितलंय तेवढंच त्यानं करायचं, ही त्यांची सवय. ते पोचले तेव्हा मष्णू टाकीवर चढून व्हॉल्व्ह दुरुस्त करत होता. "जावा आत, आलोच," तो वरून ओरडला. दाराशी पत्र्याचा एक फलक होता, वर कानडीत आणि खाली इंग्रजीत चार ओळी लिहिलेल्या. फलकाखाली एका घमेल्यात पांढरं पाणी होतं. आण्णाप्पांना वाटलं, मांजरासाठी ठेवलं असेल. ते घमेलं ओलांडून आत गेले.

फलक त्यांनी वाचला नाही. इंग्रजी त्यांना येतच नव्हती. आणि कानडी फलक वाचायचा नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. तरुणपणी सीमाभागाच्या एका मोर्चात पाठीवर लाठी बसली, त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं, जो फलक मराठीत नाही तो आपल्यासाठी नाही. कानडी येत नव्हती असं मुळीच नाही. फाडफाड बोलत, झरझर वाचत. पारमिताची शाळेतली कानडी त्यांनीच घोटून घेतली होती. पण पुस्तकातली कानडी म्हणजे विद्या, आणि फलकावरची म्हणजे सरकारचा हट्ट, असा त्यांचा हिशेब. बसथांब्यावर ते शेजारच्याला विचारत, "ही निपाणीला जातीय काय हो?" शेजारचा फलकाकडं बोट दाखवी. आण्णाप्पा बोटाकडं बघत, फलकाकडं नाही. या नेमापायी ते दोनदा गोकाकला जाऊन आले होते.

आत लाल दोरीच्या रांगेकडं त्यांनी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. मग राहिली दुसरी रांग. चोवीस झाडं, तेलकट हिरवी, हत्तीच्या कानासारखी पानं. पण प्रत्येकाच्या बगलेत नको ते कोंब फुटलेले! निपाणीच्या माणसाला तंबाखूच्या झाडावर बगलफूट बघवत नाही. ती मोडली नाही तर झाडाचा सगळा जोर वाया जातो. "एवढ्या शिकल्या, पण बगलफूट काढायची कुणाला कळंना," असं पुटपुटत आण्णाप्पांनी आधी एक चिमूट तोंडात टाकली, बोटं धोतराला पुसली आणि कामाला लागले. एकेका झाडापाशी बसून त्यांनी कोंब मोडले, पानं चोळून प्रत बघितली, देठ दाबून बघितले. दीड तास लागला. शेवटच्या कुंडीपाशी उभं राहून त्यांनी आपल्या कामाकडं पाहिलं, तेव्हा त्यांचं मन भरून आलं. एकतीस वर्षं ज्या पानानं धूळ खायला घातली, त्याच पानातून आपली पोरगी डॉक्टर होणार, हे त्यांना त्या घडीला पहिल्यांदा पटलं. घरी कुणाला काही सांगायचं नाही, पोरीला आपणहून दिसू दे, असं ठरवून ते परतले.

पोरीला दिसलं, पण दहाव्या दिवशी.

बुधवारी दुपारी पारमिता घरी आली ती पायरीवरच बसली. निरोगी रांगेवर चट्टे आले होते. एका-दोन झाडांवर नव्हे, चोवीसच्या चोवीस झाडांवर. "बगलफूट कुणी मोडली ते विचारलं मी सगळ्यांना," ती म्हणाली, "मामा म्हणतात, आपोआप गळली असंल." मग ती रडायलाच लागली. निरोगी झाडंच राहिली नाहीत, तर आजारी पानात काय बदललं ते ताडून कशाशी बघायचं? फेलोशिप मार्चअखेर संपत होती. चार वर्षांचं काम, आणि शेवटची तुलनाच हातातून गेली. तानीबाई पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आणि आण्णाप्पा? बगलफुटीचं नाव निघाल्यावर त्यांनी तोंड उघडायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, कोंब मोडल्यानं कुठं चट्टे पडतात? हजारो एकरांवर मोडतात. आपण झाडांचं भलंच केलं. तेव्हा त्याचा इथं काय संबंध? संबंध नाही म्हटल्यावर सांगायची गरज नाही. पोरीच्या डोळ्यातलं पाणी बघून त्यांचं रक्त मात्र उसळलं. "कोण हाय त्यो, हुडकून काढतो," असं म्हणून त्यांनी सायकल बाहेर काढली.

पुढचे दोन दिवस आण्णाप्पांनी जो तपास केला, तो पोलिसांनासुद्धा जमला नसता. जाळीच्या घरासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, वही उघडली, आणि तळहातावर तंबाखूच्या काड्या निवडत एकेका संशयिताचा विचार सुरू केला. आधी मांजर. मग पांढरी माशी. मग पारमिताची मैत्रीण सुविधा, कारण ती अत्तर मारून येते आणि अत्तराचा पानांना त्रास होत असणार. सुविधानं नम्रपणे सांगितलं की काका, मी महिनाभर आतच गेले नाही. मग वडगावच्या यंत्रमागांचा खडखडाट, पण तो तीन किलोमीटर लांब असल्यामुळं नाइलाजानं सोडावा लागला. शुक्रवारी दुपारी त्यांना कात्री दिसली. एकच कात्री, आजारी रांगेजवळच्या खिळ्याला टांगलेली.

पारमिताच्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम तेवढ्यात तिथं आल्या. करड्या बाई. रागावल्या की मराठीतून कानडीत जायच्या, आणि त्या दिवशी त्या दोन्हींच्या उंबऱ्यावर होत्या.

"मॅडम, मला वाटतंय, मष्णूनं कात्री धुतली नसंल," आण्णाप्पा म्हणाले. "आजारी झाडाची कात्री निरोगी झाडाला. गडी चांगला हाय, पण चूक हुतीय मानसाकडनं."

मॅडमनाही तसंच वाटत होतं. त्यांनी मष्णूला बोलावून विचारलं. मष्णू खाली बघत म्हणाला, "चूक माझीच म्हना, मॅडम." कात्रीचं त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सोमवारी कंत्राटदार दुसरा माणूस पाठवेल, असं ठरलं. आण्णाप्पांनी वहीत तारीख घातली आणि खाली रेघ मारली.

शनिवारी ते पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. तपास संपला होता, पण राखण करायला काय हरकत? दुपार मोठी होती. मांजर आलं नाही. माशी आली नाही. वर्तमानपत्र वाचून झालं, निविदासुद्धा वाचून झाल्या. आण्णाप्पांनी पिशवीतून चिमूट काढून तळहातावर घेतली, आणि दुसरं बघण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून त्यांची नजर समोरच्या फलकावर गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती तिथं थांबली. अक्षर ओळखीचं वाटलं. पारमिताचंच होतं, वळणदार, त्यांनीच गिरवून घेतलेलं. पोरीचं अक्षर म्हटल्यावर ते फलकात धरायचं की पुस्तकात, असा प्रश्न त्यांना पडला, आणि तो सुटायच्या आत ते वाचून मोकळे झाले होते.

तंबाखू किंवा विडी हाताळलेल्यांनी दुधात हात बुडवून, मग साबणानं धुतल्याशिवाय आत येऊ नये. सुकलेल्या तंबाखूतही विषाणू जिवंत राहतो. तो बोटांवरून झाडाला लागतो. निरोगी झाडांना हात लावू नये.

आण्णाप्पांनी फलक वाचला. मग तळहाताकडं बघितलं. मग परत फलक वाचला. तळहातावरची तंबाखू त्यांनी इतक्या घाईनं झटकली, की ती सगळी त्यांच्याच डोळ्यांत गेली.

"मष्णू! अरं ए मष्णू!"

मष्णू पाइप टाकून पळत आला. डोळे धुऊन झाल्यावर आण्णाप्पांनी हळू आवाजात विचारलं, "त्या ऐतवारी मी आत काय करत हुतो, तू बघितलास?"

"बघितलं की. बगलफूट मोडत हुतासा. टाकीवरनं सगळं दिसतंय."

"आनि ह्यो बोर्ड तुला वाचाय येतोय?"

"येतोय की."

"मग गाढवा, मॅडमला सांगितलं का न्हाईस?"

मष्णू माळेशी चाळा करू लागला. "अण्णा, चूक माझीच हाय. येनाऱ्याला हात धुवाय लावायचं काम माझं. मी खाली आलो तवा तुमचं नुसतं दुसरं झाड चाललं हुतं. म्हनायचं हुतं. पर जीभ उचलंना. तुमच्या मानसांना आमच्या वाडवडलांनी लई वर्सं लांब हुबं केलं. आनि आता मी तुमास्नी म्हनू, हात धुवून या, मग शिवा? माझ्याच्यानं झालं न्हाय."

लहानपणी गावच्या हॉटेलात आण्णाप्पांचा कप वेगळा टांगलेला असायचा. तो कप ते कधीच विसरले नव्हते. पण त्या कपाची लाज वाटून कुणी आपली नोकरी पणाला लावेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि त्या माणसावर कात्रीचा आळ आपणच घेतलाय, हे त्याला अजून माहीतही नव्हतं.

"अरं येड्या," ते शेवटी म्हणाले, "विषाणू काय जात इचारून लागतोय? मला म्हनायचं, अण्णा, हात धुवा. मी धुतलं असतं की."

"आता कळलं," मष्णू म्हणाला.

एवढं झाल्यावर आण्णाप्पांनी सरळ जाऊन कबूल करावं, असं आपल्याला वाटतं. पण त्या माणसाची काय अवस्था झाली होती ते बघा. पारमिता लहानपणापासून एकच सांगत आली होती, आमच्या आप्पांच्या हाताला गुण आहे. तिच्या वहीत, निबंधात, मैत्रिणींत, सगळीकडं तेच. आता तिला कळणार की तिची चार वर्षं ज्या हातानं बुडवली, तो हाच. त्या भीतीनं आण्णाप्पांनी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या मुकादमानं, रविवारभर लपवाछपवी केली.

पहिलं काम म्हणजे भोंगा बंद करणं. या घरात भोंगा म्हणजे तानीबाई.

"कोन इचारलं तर सांग, मी तंबाखू सोडून वर्स झालं."

"वर्स?" तानीबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "सकाळी तर मोरीत थुकलासा."

"ती लवंग हुती."

"लवंग पिवळी थुकी काढती काय वो? काय केलासा ते सांगा आधी."

भोंगा काही बंद होईना. तेव्हा आण्णाप्पांनी पिशवी तांदळाच्या डब्यात खुपसली, पातेल्यातल्या दुधात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि शंभरपर्यंत मोजलं. तानीबाई वळून बघतात तो चहाचं दूध गेलं. तानीबाईंच्या संसारात नवऱ्यानं बरेच पराक्रम केले होते, पण दुधानं अंघोळ त्यांनी आजच पाहिली. त्यांनी उलथनं खाली ठेवलं आणि नवऱ्यासमोर पाट ओढून बसल्या. पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. बाहेरून घर तेच, माणसं तीच, पण आत लपवाछपवीच मुकादम झालीय ते तानीबाईंनी ओळखलं होतं.

"पोरीला कवा सांगनार?"

"सांगतो की. जरा मार्च जाऊ दे."

"आनि मष्णूचं काय? त्यो उद्या घरी बसतोय."

जेवताना पारमिता म्हणाली, "मामा कात्री न धुता वापरणारा माणूस न्हाय, आप्पा. माझं मन मानंना. पण मग दुसरं कोण?" आण्णाप्पांचा घास तोंडातच फिरत राहिला. तानीबाईंनी त्यांच्याकडं बघत आमटीचा डाव इतक्या जोरात आपटला, की शेजारच्यांनी खिडकी उघडली. आण्णाप्पांनी मान खाली घातली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. त्यांनी आयुष्यात कधी तिकडं बघायचं टाळलं नव्हतं, त्या दिवशी टाळलं.

सोमवारी सकाळी कंत्राटदाराचा माणूस नवा गडी घेऊन आला. मष्णूनं किल्ल्या पुसून ठेवल्या होत्या. कुठल्या झाडाला किती पाणी लागतं, ते तो नव्या गड्याला समजावत होता. प्रियदर्शनी मॅडम कागदावर सही करायला वाकल्या, आणि तेवढ्यात आण्णाप्पांची सायकल फाटकातून आत आली. त्यांनी ती उभीसुद्धा केली नाही, तशीच पडू दिली.

"मॅडम, थांबा. मष्णूचं काय चुकलेलं न्हाय. कात्रीचं मी बोललो, ते खोटं हाय. त्या झाडांची बगलफूट मी मोडली. ह्या हातानं. तंबाखू खाऊन." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "बोर्ड हुता, मी वाचला न्हाय."

मॅडम ताबडतोब कानडीत गेल्या. आण्णाप्पांनीही कानडीतच उत्तरं दिली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. किती झाडं, किती वेळ, आधी तंबाखू की आधी झाडं, सगळं त्यांनी वखारीच्या तपासणीसारखं सांगितलं. शेवटी मॅडम मराठीत परत आल्या आणि म्हणाल्या, "ती पिशवी आणून द्या." त्यातली चिमूट पाण्यात कुटून त्यांनी विषाणू लागला की लगेच ठिपके उठणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या पानावर चोळायला लावली. तिसऱ्या दिवशी त्या पानावर ठिपके उठले, तेव्हा शंकेला जागाच राहिली नाही. कंत्राटदाराचा माणूस त्या सोमवारीच आल्या पावली नव्या गड्याला घेऊन परत गेला होता. मष्णू मात्र आण्णाप्पांकडं बघत राहिला होता. "कात्रीचं तुमी सांगितलं हुतासा?" त्यानं विचारलं. आण्णाप्पांनी मान हलवली. मष्णूनं किल्ल्या परत कमरेला लावल्या आणि म्हणाला, "बरं, झालं ते झालं. ऐतवारी डबा आना."

सगळे पांगल्यावर पारमिता फलकाजवळ आली.

"आप्पा, मला कानडी कुणी शिकवली?"

"मी."

"मग?"

आण्णाप्पांनी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"आता बियाणं परत पहिल्यापासून पेरायचं. मार्चपर्यंत झालं तर झालं," ती म्हणाली. तिनं दाराची कडी खाडकन लावली. "तुम्ही ह्या दारातनं परत आत यायचं न्हाय."

त्या दिवशी आण्णाप्पा सायकल हातात धरून खासबागेपर्यंत चालत गेले.

तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली. सोडली म्हणजे कशी, तर पहिले आठ दिवस त्यांनी तानीबाईंशी, दूधवाल्याशी आणि पंख्याशी भांडण केलं. लवंगा खाल्ल्या, बडीशेप खाल्ली, एकदा तर चुकून उदबत्तीची काडी चावली. दिवसातून चार वेळा साबणानं आणि एकदा दुधानं हात धुणं सुरू झालं. तानीबाईंनी त्यांच्यासाठी वेगळं, पाणी घातलेलं दूध लावलं.

आणि जाळीच्या घराकडं ते रोज गेले. आत नाही. बाहेर खुर्ची टाकून, हात पाठीमागं बांधून. तंबाखूचं बी मोहरीपेक्षाही बारीक, धुळीसारखं. ते राखेत कालवून कसं पसरायचं, रोपांचा तरू किती दाट टाकायचा, उन्हातून कधी काढायचा, हे बेळगावच्या त्या कॉलेजात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्यालाच आत बंदी होती. मग आण्णाप्पा जाळीला नाक लावून ओरडत आणि आत मष्णू तसं करी. "पानी दाबून नको रं, शिंपड! शिंपड म्हंजे तसं न्हवं!" पारमिता आत काम करत असली की ते आवाज खाली आणत. ती त्यांच्याशी घरी बोलायची, 'जेवण झालं काय' एवढंच. पण मष्णूला ती एकदा विचारताना त्यांनी ऐकलं, "आप्पा काय म्हणतात, आज ऊन द्यायचं की नको?" त्या रात्री त्यांना झोप लागली.

रोपं आली. नेहमीपेक्षा आठवडाभर आधी आली, असं मॅडमनी स्वतः सांगितलं. फेब्रुवारीच्या मध्याला चोवीस निरोगी झाडं उभी राहिली आणि शेजारी चोवीस आजारी, आणि दोन्हींची पानं तोडून पारमितानं जे बघायचं ते बघितलं. एकही चट्टा दिसायच्या आधी, विषाणू लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या पहिल्या प्रथिनानं पेशीतली कितीतरी कामं फिरवली होती. कुठली, ते आता तिच्याकडं लिहून होतं. मार्चच्या वीस तारखेला तिनं प्रबंध दिला.

एकवीस तारखेला सकाळी आण्णाप्पा नेहमीसारखे खुर्चीवर बसलेले असताना जाळीचं दार आतून उघडलं. पारमिता उभी होती.

"आप्पा, आत या. झाडं बघा एकदा."

आण्णाप्पा उठले, पण पायरीपाशीच थांबले. घमेल्यात हात बुडवले, साबण लावला, धुतले, आणि शाळेत नखं दाखवतात तसे पोरीसमोर धरले. "बघ बाई. वास घेऊन बघ पाहिजे तर. चार म्हैनं शिवलेलो न्हाय."

तिनं त्यांचे दोन्ही तळहात धरले आणि नाकाशी नेले. मग तिचे डोळे भरून आले आणि ती त्या हातांत तोंड घालून रडायला लागली.

आण्णाप्पा घाबरले. "काय झालं गं? र्‍हायलंय काय अजून?"

"न्हाय, आप्पा. काहीच वास येत न्हाय. तुमचा वासच येत न्हाय."

यात रडण्यासारखं काय आहे, ते आण्णाप्पांना कळेना. त्यांनी मष्णूकडं बघितलं, मष्णूनं टाकीकडं बघितलं.

"मग साबण बदलू काय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

पारमिता रडता रडता हसली, मान हलवली, आणि त्यांचा हात न सोडता त्यांना निरोगी रांगेकडं घेऊन गेली.